माउस नेला की फोकस हवा, पण विंडो वर यायला नको: कुठली सेटिंग्ज बदलायची?

अर्धी_विंडो

लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉप, वेलँड सेशन (विंडो पडद्यावर दाखवणारी नवी यंत्रणा; जुनी ती एक्स११), लॅपटॉपला जोडलेला एक मोठा मॉनिटर. माउस ज्या विंडोवर असेल तिथे क्लिक न करता टाइप करता यावं, एवढंच हवं आहे. डीकॉन्फ एडिटरमध्ये (ग्नोमची आतली सेटिंग्ज बदलायचं साधन) फोकस-मोड ही की, म्हणजे सेटिंग, 'माउस' केली आहे आणि ऑटो-रेझ (फोकस मिळाला की विंडो आपोआप वर येणं) चालू आहे. फोकस बदलतो, पण या गोष्टी अडतात:

१. ब्राउझरच्या वर कॅल्क्युलेटरची छोटी विंडो ठेवली आणि माउस जरा बाहेर गेला, की ब्राउझर वर येतो आणि कॅल्क्युलेटर त्याच्यामागे गडप होतो.
२. टर्मिनलमध्ये टाइप करताना माउस बाजूला सारावा म्हणून मोकळ्या डेस्कटॉपवर नेला, तर टाइप केलेलं कुठेच उमटत नाही.
३. ऑल्ट-टॅबने विंडो निवडली, पण टाइप करताना टचपॅडला तळहात लागला की फोकस भलत्याच विंडोत जातो.
४. ऑटो-रेझ-डिले शून्यावर आणला तरी फोकस सीमा ओलांडल्या क्षणी बदलत नाही, किंचित थांबून बदलतो.

यातलं कशामुळे काय होतंय? आणि ग्नोमवर हे नीट जमत नसेल तर दुसऱ्या कुठल्या डेस्कटॉपवर जमतं, तेही सांगा.

थरावर_थर

आधी एक गोष्ट वेगळी काढू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. फोकस म्हणजे कीबोर्डची अक्षरं कुठे जाणार, आणि रेझ म्हणजे विंडोंच्या थरात कोण वर येणार. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. क्लिक करून फोकस देण्याच्या पद्धतीत एकाच क्लिकने दोन्ही होतात, म्हणून त्या एकच वाटतात. माउसमागून फोकस जाण्याचा खरा फायदा मागच्या, अर्धवट झाकलेल्या विंडोत ती वर न आणता टाइप करता येण्यात आहे. ऑटो-रेझ चालू ठेवलं की तोच फायदा हातचा जातो.

म्हणून पहिलं काम: ऑर्ग-ग्नोम-डेस्कटॉप-डब्ल्यूएम-प्रेफरन्सेस या स्कीमात (सेटिंग्जच्या गटात) ऑटो-रेझ बंद करा. मुळात ते बंदच असतं. कॅल्क्युलेटर लगेच जागेवर राहील. एखादा डायलॉग आपल्याच मुख्य विंडोमागे जात नाही, कारण विंडो मॅनेजर त्याला पालक विंडोच्या वरच ठेवतो. पण कॅल्क्युलेटर आणि ब्राउझर हे स्वतंत्र प्रोग्रॅम, त्यांच्यात असं काही नातं नाही. तिथे ऑटो-रेझ मोठ्या विंडोला वर काढणारच.

दुसरं, फोकस-मोड 'माउस'वरून 'स्लॉपी' करा. 'माउस' मोडमध्ये पॉइंटर डेस्कटॉपवर गेला की आधीच्या विंडोचा फोकस काढून घेतला जातो. 'स्लॉपी'मध्ये दुसऱ्या विंडोत शिरेपर्यंत फोकस जुन्या विंडोकडेच राहतो. ट्वीक्स या ग्नोमच्या जादा सेटिंग्जच्या अ‍ॅपमधून करायचं असेल तर विंडोज या पानावर 'फोकस ऑन हॉवर' म्हणजे स्लॉपी, आणि 'फोकस फॉलोज माउस' म्हणजे कडक प्रकार. या नावांवरून फरक अजिबात कळत नाही, त्यामुळे बरेच जण कडक प्रकार निवडतात आणि मग ही पद्धतच वाईट म्हणून सोडून देतात. माझ्या मते कडक प्रकार कुणीच वापरू नये. टाइप करताना पॉइंटर मजकुरावरून बाजूला काढणं ही रोजची गरज आहे आणि तो प्रकार नेमकं तेच करू देत नाही.

चौथ्या मुद्द्याचं कारण वेगळ्याच स्कीमात आहे. ऑटो-रेझ-डिलेचा फोकसशी काही संबंध नाही. फोकस मिळाल्यावर विंडो किती वेळाने वर यावी, एवढंच ती की ठरवते, आणि तिची मूळ किंमत ५०० मिलिसेकंद असते. फोकस बदलताना जो क्षणभराचा थांबा जाणवतो तो ऑर्ग-ग्नोम-मटर (मटर हा ग्नोमचा विंडो मॅनेजर) या स्कीमातल्या फोकस-चेंज-ऑन-पॉइंटर-रेस्ट या की मुळे. ती मुळात चालू असते. ती चालू असताना पॉइंटर विंडोत शिरल्याबरोबर फोकस जात नाही. पॉइंटर हलायचा थांबला की जातो. बंद केली तर सीमा ओलांडताक्षणी जातो.

माझा सल्ला: ती चालूच ठेवा. डावीकडच्या विंडोतून उजवीकडच्या विंडोकडे जाताना मध्ये दोन विंडो लागत असतील, तर त्या दोन्हींना वाटेत फोकस मिळणं आणि जाणं हे त्या प्रोग्रॅमनाही सोसत नाही. फोकस गेला की आपली सूचनांची यादी किंवा तरंगता मेनू बंद करणारे पुष्कळ प्रोग्रॅम आहेत. पॉइंटर नुसता वरून गेला म्हणून ते उघडझाप करत बसतात.

अर्धी_विंडो

ऑटो-रेझ बंद, मोड स्लॉपी, पॉइंटर-रेस्ट चालू. पहिला, दुसरा आणि चौथा मुद्दा सुटला. आता मागच्या विंडोत टाइप करता येतं, पण तिथे एखाद्या ओळीवर कर्सर ठेवायला क्लिक केलं की ती वर येतेच. हे थांबवता येतं का? शिवाय टर्मिनलमधून एखादा प्रोग्रॅम सुरू केला आणि पुढची कमांड टाइप करायला लागलं, की त्याची विंडो उघडून मधली अक्षरं खाते.

थरावर_थर

क्लिकने वर येणं थांबवणारी की डब्ल्यूएम-प्रेफरन्सेस या पहिल्याच स्कीमात आहे: रेझ-ऑन-क्लिक. ती बंद करता येते, पण तिच्या वर्णनातच इशारा दिलेला आहे की ती बंद केल्याने विचित्र वागणूक दिसू शकते. इशारा खराच आहे. बंद केल्यावर प्रोग्रॅमने स्वतःहून केलेली 'मला वर घ्या' ही विनंतीही दुर्लक्षिली जाते. म्हणजे आधीच उघड्या असलेल्या प्रोग्रॅमला दुसरीकडून हाक मारली, तर त्याची विंडो मागेच राहू शकते आणि काहीच घडलं नाही असं वाटतं.

तरीही ती बंद करून काम करता येतं, फक्त विंडो वर आणायचे मार्ग हाताशी हवेत. टायटल बारवर क्लिक केलं तर विंडो वर येते, पण आपला टायटल बार स्वतः काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे चालेलच असं नाही. विंडोच्या आत कुठेही सुपर (विंडोजच्या चिन्हाची की) दाबून डावं क्लिक केलं तरी येते. तिसरा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट उघडा, विंडोज या गटात 'झाकलेली असेल तर वर आण, नसेल तर मागे ढकल' अशा अर्थाचा एक शॉर्टकट आहे. मुळात त्याला कुठलीच की दिलेली नसते. एखादी सोपी जोडी द्या. पॉइंटर विंडोवर नेला, की दाबली, विंडो वर. पुन्हा दाबली, मागे. याच्या जोडीला ट्वीक्समध्ये टायटल बारवरच्या मधल्या क्लिकला 'लोअर' हे काम लावा. वरची विंडो एका क्लिकने मागे सारता आली की थर हवे तसे रचायला वेळ लागत नाही.

टर्मिनलच्या अडचणीसाठी फोकस-न्यू-विंडोज ही की 'स्मार्ट'वरून 'स्ट्रिक्ट' करा. टर्मिनलमधून सुरू केलेल्या विंडोला मग फोकस मिळत नाही. मात्र समोरची विंडो टर्मिनल आहे हे ओळखायला मटरमध्ये ठरावीक नावांची यादी आहे. एखादं नवं टर्मिनल त्या यादीत नसेल तर 'स्ट्रिक्ट' करूनही फरक पडणार नाही. तसं झालं तर जुनं, प्रचलित टर्मिनल लावून एकदा ताडून बघा.

कडेकडेने

टचपॅडचा मुद्दा राहिला. ऑल्ट-टॅबनंतर पॉइंटर जुन्या जागीच असतो. तो त्याच विंडोत थोडा हलला तर काही होत नाही, कारण फोकस बदलतो तो विंडोत शिरण्याच्या घटनेवर, नुसत्या हलण्यावर नाही. पण पॉइंटर विंडोच्या कडेजवळ असेल तर तळहाताचा एक धक्का पुरतो.

ग्नोममध्ये टचपॅडच्या स्कीमात डिसेबल-व्हाइल-टायपिंग ही की चालू आहे ना ते बघा. प्लाझ्मामध्येही (केडीईचा डेस्कटॉप) टचपॅडच्या पानावर याच अर्थाचा पर्याय आहे. मूळ काम लिबइनपुट ही माउस-कीबोर्ड हाताळणारी लायब्ररी करते: टाइप करताना आणि थांबल्यावर थोडा वेळ ते टचपॅडकडे दुर्लक्ष करतं. पण लिबइनपुट लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डची आणि आतल्या टचपॅडचीच जोडी लावतं. बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावला असेल तर त्यावर टाइप करताना टचपॅड जागाच राहतो. तुमच्याकडे मॉनिटर जोडलेला आहे म्हणून सांगतो: बाहेरचा कीबोर्ड आणि बाहेरचा माउस असेल तर टचपॅडच्या सेंड-इव्हेंट्स या कीला 'माउस जोडलेला असताना बंद' ही किंमत द्या. प्रश्न मुळातूनच मिटतो.

चौकट_बाहेर

दुसऱ्या डेस्कटॉपबद्दल विचारलंत म्हणून प्लाझ्माबद्दल सांगतो. या विषयात के-विन या त्याच्या विंडो मॅनेजरइतके बारकावे दुसरीकडे सापडत नाहीत. सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंट, त्यात विंडो बिहेविअर, त्यात फोकस हा टॅब. तिथे सहा धोरणं दिसतील. पहिली दोन क्लिकची. मधली दोन 'फोकस फॉलोज माउस'ची, एक साधं आणि एक 'माउस प्रेसिडन्स' असलेलं. शेवटची दोन 'अंडर माउस' आणि 'स्ट्रिक्टली अंडर माउस'.

मधल्या दोघांत फरक एवढाच की चालू विंडो बंद झाली तर फोकस कुणाला द्यायचा. साध्या प्रकारात तो आधी वापरलेल्या विंडोला जातो, 'माउस प्रेसिडन्स' असेल तर पॉइंटरखालच्या विंडोला. माझ्या मते दुसरा जास्त सुसंगत आहे, कारण नजर बहुधा पॉइंटरच्या आसपास असते. शेवटची दोन धोरणं टाळा. त्यांत पॉइंटरखाली नसलेल्या विंडोला फोकस मिळूच शकत नाही, त्यामुळे ऑल्ट-टॅब आणि नव्या विंडोला आपोआप फोकस मिळणं या दोन्ही गोष्टी त्यांच्याशी जुळत नाहीत. 'ऑल्ट-टॅब बिघडलं' अशी तक्रार आली की आधी हे धोरण तपासावं.

याच टॅबवर फोकसचा विलंब आहे, मूळ किंमत ३०० मिलिसेकंद. ग्नोमसारखं 'पॉइंटर थांबला का' हे इथे बघितलं जात नाही, सरळ घड्याळ लावलेलं असतं. ३०० मला संथ वाटतं: पॉइंटर नेऊन लगेच टाइप केलं तर पहिली एकदोन अक्षरं जुन्या विंडोत जातात. १०० ते १५० ठेवलं तर टायपिंगही चुकत नाही आणि वाटेतल्या विंडोही जाग्या होत नाहीत. शून्य करू नका. हॉवरने वर येण्याचा विलंब वेगळा आहे, मूळ ७५० मिलिसेकंद, आणि तो पर्याय टिकमार्क काढून पूर्ण बंद ठेवता येतो.

क्लिकने विंडो वर येऊ नये म्हणून 'क्लिक रेझेस अ‍ॅक्टिव्ह विंडो' याची टिक काढा. लोक इथे हमखास चुकतात. विंडो अ‍ॅक्शन्सच्या टॅबवर निष्क्रिय विंडोतल्या क्लिकसाठी 'सक्रिय कर, वर आण आणि क्लिक आत पाठव' असे पर्याय असतात. ते कितीही बदलले तरी फरक दिसत नाही. कारण साधं आहे: पॉइंटर नेल्यानेच विंडो सक्रिय झालेली असते, त्यामुळे क्लिक होतो तेव्हा ती 'निष्क्रिय' राहिलेलीच नसते.

आणखी एक, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर नव्या विंडोची जागा 'अंडर माउस' निवडा. नवी विंडो पॉइंटरखालीच उघडली की तिचा फोकस आणि पॉइंटर यांच्यात भांडणच उरत नाही. या पद्धतीने काम करणाऱ्याने पहिल्या दिवशी बदलावं असं हे सेटिंग आहे.

पॅनलवर ग्लोबल मेनू लावला असेल तर मात्र तो काढा. खालच्या विंडोतून वरच्या पॅनलकडे जाताना पॉइंटर मधल्या विंडोवर टेकला, की पॅनलवरचा मेनू त्या विंडोचा होतो. हे विलंब वाढवून नीट सुटत नाही.

मूळ_विंडो

एक्स११वर असणाऱ्यांसाठी थोडं कारणमीमांसेचं लिहितो. 'माउसला हात लावला नाही तरी फोकस उडाला' ही तक्रार तिथे फार येते.

पॉइंटर विंडोत शिरला की एक्स सर्व्हर एंटर-नोटिफाय ही घटना पाठवतो. पण पॉइंटर हलल्यावरच ती येते असं नाही. पॉइंटर स्थिर असताना त्याच्या खालची विंडो बंद झाली, सरकली, मिनिमाइज झाली किंवा वर्कस्पेस बदलला, तर आता खाली जी विंडो उघडी पडली तिच्यासाठीही सर्व्हर तीच घटना पाठवतो. सर्व्हरच्या दृष्टीने पॉइंटर तिच्यात शिरलेला आहे. आपल्या दृष्टीने पॉइंटर जागचा हललेला नाही. यातली घटना हातामुळे आली की विंडो हलल्यामुळे, हे ओळखण्याची जबाबदारी विंडो मॅनेजरवर पडते. काही विंडो मॅनेजर स्वतः केलेल्या बदलांचे अनुक्रमांक लक्षात ठेवून त्या काळातल्या घटना गाळतात, काही पॉइंटरची जागा आधीच्या जागेशी ताडून बघतात. हे गाळणं जिथे कच्चं आहे तिथे फोकस उड्या मारतो.

मेनू उघडा असताना असं होत नाही, कारण तेव्हा त्या प्रोग्रॅमने पॉइंटर धरून ठेवलेला असतो. धरणं-सोडणं यामुळे येणाऱ्या घटनांवर तशी खूण असते, त्या सहज बाजूला काढता येतात.

तुमचा विंडो मॅनेजर कसा वागतो ते तपासणं सोपं आहे. दोन टर्मिनल एकमेकांवर थोडी चढतील अशी ठेवा, त्या चढलेल्या भागावर तिसरं टर्मिनल उघडा. पॉइंटर तिसऱ्यावर, खालच्या दोघांपैकी 'अ'च्या डोक्यावर येईल असा ठेवा. त्याआधी कीबोर्डने 'ब'मध्ये जाऊन परत तिसऱ्यात या, म्हणजे आधी वापरलेली विंडो 'ब' असेल. आता माउसला हात न लावता कंट्रोल-डी दाबून तिसरं बंद करा आणि उरलेल्या दोघांच्या कर्सरकडे बघा. एक्सटर्म, कॉन्सोल, ग्नोम टर्मिनल, सगळ्यांत फोकस असलेल्या विंडोचा ठोकळा भरीव दिसतो आणि नसलेल्याचा नुसती पोकळ चौकट. 'ब' भरीव झाला तर विंडो मॅनेजर मागच्या वापराला मान देतो, 'अ' झाला तर पॉइंटरला. दोन्ही योग्यच. पण आधी 'ब' भरीव होऊन लगेच 'अ' झाला तर घटना गाळण्यात गडबड आहे, आणि विलंब वाढवणं हाच व्यवहारी उपाय.

फोकस नक्की कधी बदलतो याची नोंद हवी असेल तर एक्सप्रॉप या कमांडला रूट आणि स्पाय हे दोन पर्याय देऊन नेट-अ‍ॅक्टिव्ह-विंडो ही प्रॉपर्टी बघत राहा. दर बदलाला नव्या विंडोचा आकडा छापला जातो. हे वेलँडच्या मूळ विंडोंना लागू नाही. एक्सडूटूल, डब्ल्यूएमकंट्रोल वगैरे हत्यारांचंही तसंच: वेलँडमध्ये त्यांना फक्त एक्सवेलँडमधून (वेलँडवर जुने एक्स११ प्रोग्रॅम चालवणारा थर) चालणाऱ्या विंडो दिसतात. ऑल्ट-टॅबनंतर पॉइंटर विंडोच्या मध्यावर आणून ठेवणारी स्क्रिप्ट एक्स११वर छान चालते, वेलँडवर नाही.

ओळीत_चला

दुसऱ्या डेस्कटॉपांपैकी एक्सएफसीई: सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर, फोकस टॅब, 'फोकस फॉलोज माउस'. विलंब २५० मिलिसेकंद असतो, १००च्या आसपास आणा. वर येण्याच्या दोन्ही टिक, फोकसने आणि क्लिकने, याच टॅबवर काढता येतात. पॉइंटर डेस्कटॉपवर किंवा पॅनलवर नेला तरी फोकस सुटत नाही, म्हणजे हा स्लॉपीच प्रकार. विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये प्लेसमेंट टॅबवर नवी विंडो पॉइंटरखाली उघडायचं सांगा. सिनॅमनमध्ये ग्नोमसारखेच तीन मोड आहेत, विंडोज या पानावर बिहेविअरमध्ये.

आय३ (एक्स११वरचा) आणि स्वे (वेलँडवरचा) या विंडो शेजारी-शेजारी मांडणाऱ्या विंडो मॅनेजरांत फोकस-फॉलोज-माउस मुळातच 'येस' असतं. स्वेमध्ये 'ऑलवेज' ही तिसरी किंमत आहे: वर्कस्पेस बदलल्यावरही पॉइंटरखाली जी विंडो येईल तिला फोकस. शिवाय माउस-वॉर्पिंग 'कंटेनर' केलं तर कीबोर्डने फोकस बदलताच पॉइंटरही त्या विंडोत जातो. ऑल्ट-टॅबनंतर पॉइंटर एकीकडे आणि फोकस दुसरीकडे, ही तुमची तिसरी अडचण तिथे उद्भवतच नाही. आय३मध्ये मात्र वॉर्पिंग फक्त 'आउटपुट' किंवा 'नन', म्हणजे पॉइंटर दुसऱ्या मॉनिटरवर जातो, त्याच मॉनिटरवरच्या दुसऱ्या विंडोत नाही.

पासवर्डच्या विंडोबद्दल सगळ्यांनाच सांगायचं आहे. ग्नोम शेलचा पासवर्ड डायलॉग बाकी सगळं अडवून ठेवतो, तिथे चिंता नाही. एक्सएफसीई किंवा नुसत्या विंडो मॅनेजरवर पोलकिटची (अ‍ॅडमिन परवानगीसाठी पासवर्ड विचारणारी) विंडो ही इतर विंडोंसारखीच एक असते. ती स्क्रीनच्या मध्यावर उघडली आणि पॉइंटरला धक्का लागला, तर पासवर्ड शेजारच्या चॅटच्या खिडकीत टाइप होऊ शकतो, आणि एंटर दाबला की गेलाच. पासवर्डच्या चौकोनात पहिला ठिपका उमटलेला दिसल्याशिवाय पुढची अक्षरं टाइप करू नका.

अर्धी_विंडो

सेंड-इव्हेंट्स बदललं, टचपॅडचा त्रास थांबला. रेझ-ऑन-क्लिक बंद करून शॉर्टकट लावला आहे. एकच राहिलं: गिंपची टूल्सची वेगळी विंडो आता चित्राच्या विंडोमागे जाते आणि क्लिक करूनही वर येत नाही.

थरावर_थर

गिंपच्या प्रेफरन्सेसमध्ये विंडो मॅनेजमेंट या पानावर डॉक आणि टूलबॉक्ससाठी 'हिंट' आहे. तिथे 'युटिलिटी विंडो' निवडा. भागलं नाही तर 'कीप अबव्ह' करा. ही हिंट विंडो उघडताना वाचली जाते, म्हणून बदलल्यावर गिंप बंद करून परत सुरू करा. नाहीतर विंडोज मेनूतून सिंगल-विंडो मोड चालू करा, मग वेगळी विंडोच राहत नाही. इतर प्रोग्रॅमच्या अशा तरंगत्या विंडोंना हिंट देता येत नसेल तर टायटल बारवर उजवं क्लिक करून 'ऑलवेज ऑन टॉप' करा. ग्नोम ते लक्षात ठेवत नाही, दर वेळी करावं लागतं. के-विनमध्ये विंडो रूल लिहून कायमचं करता येतं.